साठ हजारांत घरचे थिएटर : धंतोलीच्या हॉलसाठी रिसीव्हर कोणता?

नागपूरच्या धंतोलीतले जुने बंगले एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी खाली दवाखाना, वर फ्लॅट अशा इमारती उभ्या राहिल्या. या फ्लॅटच्या हॉलमध्ये आता पंचावन्न ते पासष्ट इंची टीव्ही सर्रास दिसतात. चित्र इतके सुधारले आहे की पंचशील चौकातल्या टॉकीजची आठवण काढायचे कारण उरले नाही. आवाजाचे मात्र उलटे झाले. टीव्ही पातळ होत गेला तसा त्याचा आवाज आक्रसत गेला, कारण दोन बोटे जाडीच्या चौकटीत स्पीकरला हवा हलवायला जागाच नसते, आणि बहुतेक स्पीकरांचे तोंड खाली किंवा मागच्या भिंतीकडे असते. मग घरातले ज्येष्ठ ‘काय बोलला तो?’ असे विचारत राहतात, आवाज वाढवला जातो आणि पहिला स्फोट झाला की कोणीतरी रिमोटकडे धावते.

इथून माणूस सीताबर्डीच्या दुकानात पोचतो. पन्नास-साठ हजारांत होम थिएटरचा चांगला रिसीव्हर कोणता, असे विचारतो. दुकानात त्याला वॅट सांगितले जातात, चॅनलची संख्या सांगितली जाते, डब्यावरचे डॉल्बीचे चिन्ह दाखवले जाते. या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि तिन्ही दुय्यम असतात. धंतोलीसारख्या वस्तीत, जिथे भिंतीपलीकडे एखादा रुग्ण झोपलेला असू शकतो, तिथे बजेटमधल्या रिसीव्हरची कसोटी एकच धरावी: हळू आवाजात, रात्री दहानंतर, तो बोललेला शब्द किती स्वच्छ ऐकवतो. बाकीची निवड या एका कसोटीतून निघते, म्हणून आधी तीच नीट पाहू.

रिसीव्हर हे यंत्र तीन कामे एकत्र करते. सेट-टॉप बॉक्स, प्लेअर, गेमिंग कन्सोल यांच्या एचडीएमआय वायरी त्यात येतात आणि तिथून एक वायर टीव्हीकडे जाते. सिनेमाच्या ध्वनिपट्टीतला संकेत उलगडून तो कुठल्या स्पीकरला काय वाजवायचे ते ठरवतो. आणि पाच-सात अ‍ॅम्प्लिफायर त्याच पेटीत बसवलेले असल्याने स्पीकरला ताकदही तोच देतो. ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणजे समोर डावा, मधला, उजवा, मागे किंवा बाजूला दोन, आणि खर्जासाठी एक सबवूफर. यांतला मधला, ज्याला सगळे सेंटर म्हणतात, तो संवादाचा स्पीकर. सिनेमातले बहुतेक बोलणे त्याच्यातूनच येते. हे एवढे लक्षात ठेवले तरी खरेदीतले अर्धे गोंधळ मिटतात.

आता वॅट. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या पाच चॅनलच्या रिसीव्हरचे उदाहरण घेऊ. त्याच्या माहितीपत्रकात एकाच यंत्राचे तीन आकडे आहेत: ७०, १०० आणि १३५ वॅट. सत्तर हा आकडा दोन चॅनल एकाच वेळी, ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, ०.०९ टक्के विकृतीवर मोजलेला. शंभर हा एकच चॅनल, एकाच स्वरावर, ०.९ टक्के विकृतीवर. आणि १३५ हा पुन्हा एकच चॅनल, पण १० टक्के विकृतीवर, म्हणजे आवाज उघड फाटत असताना. कंपनीने यात काही लपवलेले नाही, अटी बाजूलाच छापलेल्या असतात. दुकानातल्या पाटीवर मात्र शेवटचा आकडा येतो, कधी पाचाने गुणून येतो. तुलना करायची तर पहिल्या पद्धतीच्या आकड्याशी पहिल्या पद्धतीचाच आकडा ताडून पाहावा, आणि तिथेही फार वेळ घालवू नये. कारण ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, त्यासाठी दहापट वॅट हवेत. सत्तर आणि नव्वद वॅटच्या रिसीव्हरमध्ये एक डेसिबलचा फरक आहे. त्यासाठी पाच हजार जास्त मोजू नयेत.

आपल्या हॉलचा हिशेब करून पाहू. साधारण बुकशेल्फ स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर तो ८६ ते ८८ डेसिबल देतो. दहा फुटांवरच्या सोफ्यापर्यंत येताना खोलीच्या आधाराने त्यातले ८० तरी उरतात. रात्री संवाद ऐकायला ६५ डेसिबल पुष्कळ झाले. म्हणजे पंधरा डेसिबल कमी, म्हणजे एका वॅटचा सुमारे तिसावा हिस्सा. मध्येच एखादा दणका त्याच्यापेक्षा वीस डेसिबल वर गेला तरी तीन-चार वॅट लागतात. दिवसा दारे-खिडक्या लावून सिनेमा मोठ्याने पाहिला तरी बारा बाय पंधराच्या खोलीत पन्नास खरे वॅट संपत नाहीत. धंतोलीतल्या फ्लॅटला ताकद कमी पडेल असा नावाजलेल्या कंपनीचा रिसीव्हर आज बाजारात नाही.

कमी पडते ती वेगळी गोष्ट, आणि ती कानाची आहे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या बेल लॅबोरेटरीजमधल्या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज हळू झाला की माणसाचा कान खर्जाला जास्त बहिरा होतो. मधले स्वर वीस डेसिबलने खाली आणले आणि खर्जही तेवढाच खाली आणला, तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. सिनेमाचे ध्वनिमिश्रण मोठ्या आवाजाच्या थिएटरसाठी केलेले असते. तेच घरी हळू लावले की आवाज पोकळ होतो, कुजबुज हरवते, दणके तेवढे उरतात. आपण आवाज वाढवतो तो खरे तर या दोन उणिवा भरून काढायला.

यावर रिसीव्हरमध्ये दोन उपाय असतात आणि माझ्या मते बजेटमधली खरी निवड त्यांच्यावर ठरते. पहिला उपाय आवाज कमी केला की खर्ज आणि बाजूचे स्पीकर त्या प्रमाणात आपोआप उचलून धरण्याचा. डेनॉनमध्ये याला डायनॅमिक ईक्यू म्हणतात. तो ऑडिसी या कंपनीचा आहे. सिनेमागृहांसाठी टीएचएक्सची मानके घडवणारे टॉमलिन्सन होलमन या ऑडिसीच्या संस्थापकांपैकी एक, त्यामुळे थिएटरचा आवाज घरात आणताना काय हरवते हे तिथल्या लोकांना चांगले ठाऊक होते. दुसरा उपाय मोठा आणि बारीक आवाज यांच्यातले अंतर कमी करण्याचा: दणका दाबायचा, कुजबुज उचलायची. डेनॉनमध्ये तो डायनॅमिक व्हॉल्यूम, यामाहात अ‍ॅडॅप्टिव्ह डीआरसी, सोनीत नाइट मोड अशा नावांनी सापडतो. दिवसा तो बंदच ठेवावा, कारण सिनेमाचा चढउतार त्याने सपाट होतो. रात्री मात्र घरात याच्यासारखे उपयोगी बटण दुसरे नाही.

धंतोलीसाठी हे इतके महत्त्वाचे का, तेही सांगायला हवे. ही दवाखान्यांची वस्ती आहे. इथल्या धंतोली नागरिक मंडळाने रुग्णालयांमुळे होणाऱ्या गर्दीचा आणि पार्किंगचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेलेला आहे. गर्दीची तक्रार करणाऱ्या रहिवाशांनी रुग्णांच्या झोपेचाही विचार करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्रासाठी ती ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखण्याची तरतूद त्यातच आहे, आणि २०१७ पासून राज्य सरकारने ते क्षेत्र रीतसर घोषित करावे लागते. खासगी घरातल्या ध्वनियंत्रणेलाही २०१० च्या दुरुस्तीने बांधून घेतले: घराच्या हद्दीवर तिचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये.

या मोजणीत एक फट आहे, तिचा फायदा घेऊ नये. नियमातले डेसिबल ‘ए’ पद्धतीने मोजतात. ही पद्धत कानाच्या सवयीप्रमाणे खर्जाला कमी वजन देते. चाळीस हर्ट्झचा घुमारा तिच्यात प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३५ डेसिबल कमी मोजला जातो. म्हणजे मीटर शांत राहील आणि खालच्या मजल्यावरच्या खाटेला मात्र थरथर जाणवेल. चाळीस हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते. पडदे, गालिचे, पुस्तकांची कपाटे यांना ती जुमानत नाही आणि स्लॅबमधून सरळ खाली उतरते. जुन्या बंगल्यांच्या जाड विटांच्या भिंती तिला थोडा तरी अडसर करत, आजच्या फ्लॅटमधली अर्ध्या विटेची भिंत तो करत नाही. म्हणून सबवूफर लहान घ्यावा, बंद पेटीचा मिळाला तर उत्तम, आणि तो फरशीवर थेट न ठेवता जाड रबरी किंवा फोमच्या पॅडवर ठेवावा. कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो, तेव्हा कोपरा टाळावा. रात्री त्याची पातळी रिसीव्हरमधून पाच-सहा डेसिबल खाली आणावी. ऑडिसीकडे खर्ज खोलीतच राखण्याची वेगळी सोयही आहे, पण ती डेनॉनच्या महाग मॉडेलांत मिळते. या बजेटात पॅड आणि शहाणपण यांवर काम भागवावे लागते.

आता दुकानातली नावे. भाव सणासुदीच्या ऑफरप्रमाणे वर-खाली होतात, म्हणून इथे ढोबळच धरू. पंचवीस ते पस्तीस हजारांच्या टप्प्यात वर सांगितलेला यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि डेनॉनचा एव्हीआर-एक्स२५०बीटी हे दोन पाच चॅनलचे रिसीव्हर वर्षानुवर्षे समोरासमोर आहेत. सोनीचा एसटीआर-डीएच५९० हा त्यांच्याच जातकुळीतला, २०१८ चा. या तिघांत निवड करताना पेटीत माइक येतो का, एवढे विचारावे. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ सोबत माइक मिळतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवला की वायपीएओ ही यंत्रणा प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडते, त्याचे अंतर आणि पातळी मोजते आणि खोलीप्रमाणे सूर जुळवते. सोनीतही अशी सोय आहे. डेनॉनच्या एक्स२५०बीटीमध्ये ती नाही, तिथे अंतरे टेपने मोजून हाताने भरावी लागतात. ज्याला हौस आहे त्याला ते जमेल, पण आपल्याकडे एकदा बसवलेला संच सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. मोझॅकची किंवा गुळगुळीत टाइल्सची फरशी, एका बाजूला बाल्कनीचे काचेचे दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे उघडणारी मोकळी जागा, अशा खोलीत ही जुळणी करणे सर्वांत गरजेचे असते. म्हणून या टप्प्यात माझे मत यामाहाकडे झुकते.

वरच्या टप्प्यात, म्हणजे साठ ते सत्तर हजारांत, डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच आणि त्याच्यानंतर आलेला एक्स१८००एच आहेत. सात चॅनल, ऑडिसीची मल्टिईक्यू एक्सटी जुळणी, डायनॅमिक ईक्यू आणि डायनॅमिक व्हॉल्यूम, सगळे त्यात आहे. रात्रीच्या ऐकण्यासाठी मला माहीत असलेल्यांत हाच सर्वांत योग्य. पण एकूण बजेटच साठ हजारांचे असेल तर तो घेऊन स्पीकरसाठी काहीच उरत नाही, आणि हा सौदा वाईट आहे. रिसीव्हर बदलून आवाजात जो फरक पडतो त्याच्या कित्येक पट फरक स्पीकर बदलून पडतो.

साठ हजारांचे वाटप मी असे करीन. रिसीव्हरला निम्म्यापेक्षा कमी. उरलेल्यातला मोठा वाटा समोरच्या तिघांना, आणि त्यातही सेंटरला हात आखडता घेऊ नये. डावा-उजवा आणि सेंटर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्यावेत, म्हणजे पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला तर त्याचा आवाज मध्येच बदलणार नाही. मग लहान सबवूफर. मागचे दोन स्पीकर पहिल्या वर्षी घेऊच नयेत. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ते नाहीत असे सांगितले की त्यांचा आवाज तो पुढच्यांत मिसळून देतो, काही हरवत नाही. पुढच्या दिवाळीला ते जोडता येतात. एका डब्यात पाच स्वस्त स्पीकर घेण्यापेक्षा तीन चांगले घेऊन थांबणे कधीही बरे.

वायरीवर पैसे घालवू नयेत. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक दुपदरी वायर, जी इलेक्ट्रिकलच्या दुकानात मीटरने मिळते, ती या अंतरांना पूर्ण पुरते. प्लस-मायनस मात्र दोन्ही टोकांना सारखे लागले पाहिजे. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज खातो आणि माणसाला वाटते स्पीकरच वाईट निघाला.

जोडणीचा एक भाग सविस्तर सांगतो, कारण इथे चांगला संच वाया जाताना मी पाहिला आहे. आज बहुतेक घरांत सिनेमा टीव्हीतल्याच अ‍ॅपवर चालतो. मग आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे उलटा यायला हवा. त्यासाठी एचडीएमआयच्या एका खास दारावर एआरसी लिहिलेले असते. ही सोय २००९ पासून आहे, आणि तिचे वाढवलेले रूप, ईएआरसी, २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत आले. ओटीटीवरचा डॉल्बी आवाज, अ‍ॅटमॉससकट, साध्या एआरसीतून जातो. ब्ल्यू-रेवरचा काहीही न गमावलेला (लॉसलेस) आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तरच ईएआरसी लागते, आणि ब्ल्यू-रे प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडला तर तीही लागत नाही. ओठ आणि आवाज यांचा मेळ ईएआरसीत जास्त भरवशाने बसतो, तो फायदा खरा. तरी केवळ तिच्यासाठी बजेट मोडू नये. जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर राहिला तर एआरसीतून दोनच चॅनल जातात. पाच स्पीकरांच्या घरात लोक महिनोन्महिने स्टिरिओ ऐकत बसतात, ते यामुळे. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडायचे.

आठ के चित्र पुढे पाठवण्याच्या क्षमतेला आज किंमत देऊ नये. छतातल्या स्पीकरांचा अ‍ॅटमॉस भाड्याच्या घरात तर नकोच, आणि स्वतःच्या घरातही तो सेंटर आणि सबवूफर नीट झाल्यावरचा विषय आहे. ज्यांच्या घरी १२० फ्रेमवर चालणारा गेमिंग कन्सोल आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी: २०२० मध्ये बाजारात आलेल्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही रिसीव्हरांत एचडीएमआय २.१ च्या चिपचा दोष होता आणि काही कन्सोलचे ४ के १२० चित्र त्यातून जात नव्हते. कंपन्यांनी पुढे त्यावर उपाय दिले. जुने यंत्र घेताना तो उपाय झाला आहे का, हे विचारून घ्यावे.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल कोणतेही परदेशी परीक्षण एक शब्द लिहीत नाही, आणि आपल्याकडे हाच मुद्दा यंत्राचे आयुष्य ठरवतो. बहुतेक पुस्तिकांत यंत्र चालवण्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत धरलेले असते. मे महिन्यात इथे पारा ४५ ओलांडतो आणि एसी नसलेला हॉल संध्याकाळीही चाळिशीच्या आसपास असतो. रिसीव्हरमधले अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवतात, नुसते चालू असतानाही तापतात. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. २००९ ते २०१२ च्या काही ऑन्क्यो रिसीव्हरांत एचडीएमआय बोर्ड इतके निकामी होऊ लागले की कंपनीला अमेरिकेत त्यांची हमी वाढवावी लागली. तापणाऱ्या डिजिटल चिप हे त्याचे कारण मानले गेले. म्हणून टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, काचेच्या दाराआड, वर सेट-टॉप बॉक्स ठेवून रिसीव्हर कोंडू नये. यामाहाच्या पुस्तिकेत वर ३० आणि बाजूंना व मागे २० सेंटिमीटर जागा सोडायला सांगितले आहे. सुताराकडून नवे युनिट करवून घेत असाल तर हे माप आधीच द्या.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम कूलरचा. एसीचे बिल नको म्हणून किंवा सवयीने धंतोलीतही हॉलच्या खिडकीला डेझर्ट कूलर बसतो. पूर्ण वेगात तो खोलीत साठ डेसिबलच्या आसपास अखंड घोंघाट करतो. हा घोंघाट नेमका व्यंजनांच्या पट्ट्यावर बसतो, म्हणून स, श, फ, त कळेनासे होतात. चार महिने हीच स्थिती असेल तर सगळा आवाज वाढवणे हा उपाय नाही. सेंटरची पातळी तेवढी तीन-चार डेसिबल वर करावी, यामाहात संवादाची पातळी वेगळी वाढवण्याची सोय आहे ती वापरावी, आणि सेंटर टीव्हीखालच्या फळीच्या अगदी कडेला आणून थोडा वर, कानाकडे झुकवावा. फळीच्या आत ढकललेला सेंटर फळीवर आदळून येणारा आवाजच जास्त ऐकवतो. कूलरचा ओला झोत मात्र रिसीव्हरवर येऊ देऊ नये, बोर्डावर गंज चढतो.

निवडताना काय ऐकावे? दुकानात नेहमी एखादी मारामारी किंवा विमान लावतात. त्यावर काहीच कळत नाही, कारण विमानाचा खरा आवाज आपल्या कानाला तपशिलाने माहीत नसतो. माणसाचा आवाज माहीत असतो. वसंतराव देशपांड्यांचे एखादे नाट्यपद फक्त दोन स्पीकरांवर, सगळ्या करामती बंद करून लावायला सांगावे. तान वेगात जाताना स्वर एकमेकांत मिसळतात का, तबल्याचा बायाँ नुसता धप् म्हणतो की त्याची मींड ऐकू येते, हे पाहावे. मग एखाद्या मराठी चित्रपटातला दोन माणसांचा बोलण्याचा प्रसंग, आवाज नेहमीपेक्षा निम्मा करून. दुकानदाराला वेळ नसेल तर गर्दी नसलेल्या दुपारी जावे. आपल्याकडच्या बऱ्याच मालिका, बातम्या आणि जुने सिनेमे स्टिरिओ किंवा मोनोच असतात, तेव्हा रिसीव्हर त्यातले बोलणे सेंटरवर कसे आणतो तेही ऐकून घ्यावे. रोजचा वापर तोच आहे.

साउंडबारचे काय, हा प्रश्न रास्त आहे. बजेट वीस हजारांच्या आत असेल, घर भाड्याचे असेल, किंवा वायर ओढायला घरच्यांचा ठाम नकार असेल, तर सबवूफरसह आणि स्वतंत्र सेंटर असलेला साउंडबार घ्यावा आणि समाधानी राहावे. सोनीच्या एचटी-एस२०आरसारखे पाच स्पीकरांचे तयार संचही त्या किमतीत येतात आणि सिनेमाची हौस भागवतात. फक्त एक ओळखून घ्यावे: त्यांचे स्पीकर त्याच पेटीसाठी बनवलेले असतात, उद्या चांगला रिसीव्हर घेतला तर ते त्याला जोडता येत नाहीत. रिसीव्हरच्या मार्गात आज घेतलेला सेंटर दहा-पंधरा वर्षे कामी येतो.

धंतोलीत अनेक घरांतली मुले अमेरिकेत आहेत, आणि तिथे स्वस्तात मिळालेला रिसीव्हर सामानातून येतो. तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. तो सरळ आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर पहिल्याच क्षणी जळू शकतो. मागच्या बाजूला व्होल्टेज छापलेले असते, ते वाचून मगच प्लग लावावा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन तो चालवता येतो, पण ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या गरजेपेक्षा भरपूर मोठा घ्यावा लागतो, तो गुणगुणतो, आणि इथे हमी मिळत नाही. हिशेब केला तर बचत फारशी उरत नाही. दिल्ली-मुंबईहून बिलाशिवाय येणाऱ्या मालाचेही तसेच.

वापरलेला रिसीव्हर मात्र मनापासून सुचवावा असा मार्ग आहे. चार-पाच वर्षांपूर्वीचा, मधल्या श्रेणीतला, जुळणीचा माइक आणि डायनॅमिक ईक्यू असलेला डेनॉन किंवा त्या तोडीचा यामाहा नव्या प्राथमिक मॉडेलच्या भावात मिळतो, आणि आपल्या रात्रीच्या कसोटीला तो नव्यापेक्षा सरस उतरतो. घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊनच तपासावा. एचडीएमआयचे प्रत्येक दार एकेक करून टीव्हीवर चित्र आणून पाहावे, एआरसीसह. प्रत्येक चॅनलला तोच एक स्पीकर जोडून ऐकावे. अर्धा तास चालू ठेवून मग पुन्हा तपासावे, कारण सैल झालेले सांधे गरम झाल्यावरच उघडे पडतात. मूळ माइक सोबत नसेल तर भाव खाली आणावा, दुसऱ्या मॉडेलचा माइक चालेलच असे नाही. आणि नवा असो की जुना, पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: हे मॉडेल नागपुरातच दुरुस्त होते की मुंबईला पाठवावे लागते, आणि पाठवायचे झाले तर वाहतुकीचा खर्च कोणाचा. दहा किलोच्या आसपासची ही पेटी असते. मूळ खोका आणि थर्मोकोल माळ्यावर जपून ठेवावेत.